‘गनर’ आणि ‘प्रवासी’ : ब्रिटिश वैमानिकांच्या शौर्यप्रशस्त्या वाचताना

‘लंडन गॅझेट’ या ब्रिटिश सरकारी राजपत्राच्या पुरवणीत छापलेली शौर्यपदकाची प्रशस्ती हा गद्याचा फार आखूड प्रकार आहे. पाच-सहा ओळी, क्वचित एखादा मोठा परिच्छेद. आरंभी हुद्दा, नाव आणि मूळ पलटण. मग ‘असामान्य शौर्याबद्दल’ अशा अर्थाचे ठरलेले शब्द. मग घटना. आणि माणूस दरम्यान मेला असेल, तर तेवढे सांगणारे एक कोरडे वाक्य. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश वैमानिकांवर गेल्या शंभर वर्षांत जे काही लिहिले गेले, त्याचा मोठा भाग या ओळींवर उभा आहे. चरित्रकार त्या उचलतात, त्यांत वारा, थंडी, इंजिनाचा आवाज भरतात आणि प्रकरण तयार होते. प्रशस्ती हा पुरावा आहे असे सगळे धरून चालतात. ती आधी एक रचलेला मजकूर आहे, आणि मजकूर म्हणून ती वाचायला हवी, असे मला वाटते. आपल्याकडे ताम्रपट आणि शिलालेखांतल्या राजप्रशस्त्या वाचताना इतिहासकार जी सावधगिरी बाळगतात, तिचा थोडा अंश इथेही हवा.

विमानातून केलेल्या कामगिरीबद्दलचा पहिला व्हिक्टोरिया क्रॉस विल्यम ऱ्होड्स-मूरहाउस याला मिळाला. २६ एप्रिल १९१५ रोजी त्याने फ्रान्समधल्या मेर्व्हिल इथून बी.ई.२ जातीचे विमान एकट्याने नेले, बेल्जियममधल्या कूर्त्रे स्थानकाजवळच्या लोहमार्गावर बॉम्ब टाकला, परतताना त्याला गोळ्या लागल्या, तरी तो ३५ मैल उडत तळावर पोचला आणि आधी अहवाल दिला, मग डॉक्टरांच्या हाती गेला. दुसऱ्या दिवशी तो वारला. २२ मे रोजी गॅझेटमध्ये प्रशस्ती आली. तिच्यात जवळजवळ हे सगळे आहे. नाही ते कारण. चारच दिवसांपूर्वी, २२ एप्रिलला, ईप्रच्या आघाडीवर जर्मनांनी विषारी वायू सोडला होता, फळी फुटली होती, आणि जर्मन कुमक ज्या मार्गाने येणार होती त्यावर कूर्त्रे हे महत्त्वाचे जंक्शन होते. प्रशस्तीतला वैमानिक मात्र कुठल्याशा स्थानकावर जातो आणि परत येतो. ती कृती सांगते, परिस्थिती सांगत नाही. हा त्या प्रकाराचा पहिला नियम.

दुसरा नियम कळायला प्रशस्ती तयार कशी होई ते पाहावे लागते. चकमकीनंतर वैमानिक ‘आर्मी फॉर्म डब्ल्यू. ३३४८’ हा छापील नमुना भरून देई. स्क्वाड्रन, तारीख, विमानाचा प्रकार आणि क्रमांक, वैमानिक, निरीक्षक, ठिकाण, वेळ, उंची असे रकाने त्यात होते. निकालाचेही तीन रकाने : शत्रूचे विमान नष्ट झाले, ताबा सुटून खाली गेले, की नुसते खाली हुसकावले गेले. खालचा वृत्तान्त बहुधा प्रथमपुरुषी असे : मी पाहिले, मी वळलो, मी गोळ्या झाडल्या. पदकाची शिफारस करताना स्क्वाड्रनचा प्रमुख याच मजकुराचा सारांश करी. तो सारांश वरच्या कचेऱ्यांतून जाताना आणखी आखडत जाई, आणि शेवटी गॅझेटमध्ये तृतीयपुरुषी होऊन उतरे. ‘मी’चा ‘हा अधिकारी’ होतो. मला हा बदल फार मोठा वाटतो. एका माणसाने सांगितलेली गोष्ट इथे राज्याने पाहिलेली गोष्ट बनते, आणि सांगणारा कोण होता याची खूण पुसली जाते.

मधल्या पायऱ्या तपासता आल्या असत्या तर एवढे बिघडले नसते. पण सप्टेंबर १९४० मध्ये लंडनच्या आर्न्साइड स्ट्रीटवरचे युद्धखात्याचे कागदपत्रांचे कोठार जर्मन बॉम्बफेकीत जळाले. साध्या सैनिकांच्या सेवापुस्तकांपैकी निम्म्याहून अधिक गेली, आणि पहिल्या महायुद्धातल्या पदकांच्या शिफारशींचा बहुतांश भागही गेला. वैमानिकांचे नशीब थोडे बरे. हवाई इतिहास शाखेने वेगळे जमवलेले दप्तर वाचले. आज क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘एअर १’ या मालिकेत ते आहे. चकमकींचे अहवाल, स्क्वाड्रनच्या नोंदवह्या आणि काही शिफारशीही त्यात मिळतात. अधिकाऱ्यांची सेवापत्रके ‘एअर ७६’ मध्ये. पण ज्याच्या बाबतीत यातले काहीच सापडत नाही, त्याच्या शौर्याबद्दल गॅझेटच्या पाच ओळी हाच आदि आणि अंत.

त्या पाच ओळी सापडणेही सोपे नसते. रॉयल फ्लाइंग कोअरमधले पुष्कळ अधिकारी पायदळ-घोडदळातून आलेले. त्यांची नावे गॅझेटमध्ये मूळ पलटणीसह येतात. आल्बर्ट बॉलला नॉटिंगहॅमशर आणि डर्बीशर पलटणीत शोधावे लागते. घटना आणि प्रसिद्धी यांत कधी दोन दिवसांचे अंतर असते, कधी वर्षाचे. नववर्षाच्या आणि राजाच्या वाढदिवसाच्या सन्मानयाद्यांत तर नुसती नावे, प्रशस्ती नाहीच. तिथे पदक कशासाठी मिळाले हे एखाद्या पुस्तकात ठामपणे सांगितलेले दिसले, की लेखकाला ते कुठून कळले असे विचारावे. पुष्कळदा ते दुसऱ्या पुस्तकातून आलेले असते.

आता ज्या प्रशस्तीमुळे या लेखाला शीर्षक मिळाले तिच्याकडे वळतो. ११ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचा सेकंड लेफ्टनंट गिल्बर्ट इन्सॉल आणि त्याच्याबरोबरचा प्रथम श्रेणीचा एअर मेकॅनिक टी. एच. डोनाल्ड ७ नोव्हेंबर १९१५ रोजी व्हिकर्स जातीच्या दोन आसनी विमानातून गस्तीला निघाले. एका जर्मन विमानाला त्यांनी खाली उतरायला लावले. उतरलेले जर्मन गोळीबाराच्या तयारीत दिसताच इन्सॉलने विमान पाचशे फुटांपर्यंत खाली घातले, डोनाल्डने गोळ्या झाडल्या, जर्मन पळाले. मग आगलावा बॉम्ब. परतताना खंदकांवरून जात असता डोनाल्डने पुन्हा खाली मारा केला. याच वेळी पेट्रोलची टाकी फुटली. एका झाडीच्या आडोशाला, आपल्या हद्दीत जेमतेम पाचशे यार्ड आत, ते उतरले. जर्मन तोफांनी त्या जागेवर दीडशेच्या आसपास गोळे टाकले. रात्री दिवे झाकून विमान दुरुस्त झाले आणि पहाटे ते परतले.

हे सगळे प्रशस्तीत आहे, आणि गॅझेटच्या मानाने ती बरीच लांब आहे. पण तिचा कर्ता सांभाळून पाहावा. सुरुवातीला डोनाल्ड ‘गनर’ आहे. मधे तो गोळ्या झाडतो. रात्रीच्या दुरुस्तीला मात्र कर्ताच नाही : विमान ‘दुरुस्त केले गेले’. आणि पहाटे इन्सॉलने ते परत नेले, सोबत डोनाल्ड ‘प्रवासी’ म्हणून. संध्याकाळी गनर असलेला माणूस सकाळपर्यंत प्रवासी झाला. दरम्यान, ज्याच्या हुद्द्यातच ‘मेकॅनिक’ हा शब्द आहे त्याने, टाकी फुटलेल्या विमानाशेजारी, तोफगोळ्यांच्या माऱ्यात ती रात्र काय करत काढली, याबद्दल प्रशस्ती गप्प आहे. (मराठीत हे सांगताना आदरार्थी ‘त्यांनी दुरुस्त केले’ असे लिहिले की एक की दोन हा प्रश्नच बुजतो. इंग्रजीतले कर्मणी वाक्य निदान कर्त्याची जागा उघडपणे रिकामी ठेवते.) इन्सॉलला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, डोनाल्डला डिस्टिंग्विश्ड कंडक्ट मेडल. २३ डिसेंबरला गॅझेटमध्ये नाव आले तेव्हा दोघेही जर्मनांच्या कैदेत होते. पुढे १९२५ मध्ये याच इन्सॉलला स्टोनहेंजजवळच्या शेतावरून उडताना पिकात उमटलेली वर्तुळे दिसली आणि ‘वुडहेंज’ हे प्राचीन स्थळ उजेडात आले. वरून दिसणाऱ्या पुसट खुणा वाचण्यात हा माणूस पटाईत होता. त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. प्रशस्ती त्याने लिहिलेली नव्हती.

हे एकट्या डोनाल्डचे गाऱ्हाणे असते तर अपवाद म्हणून सोडून देता आले असते. पहिल्या महायुद्धात वैमानिकांना एकूण १९ व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले. त्यांतल्या पाच घटना दोन माणसांच्या विमानात घडल्या : लिडेल, इन्सॉल, मॉटरशेड, मॅक्लिऑड आणि वेस्ट यांच्या. पाचही वेळा क्रॉस विमान चालवणाऱ्याला. निरीक्षक म्हणून बसलेल्या एकालाही नाही. २७ मार्च १९१८ रोजी अठरा वर्षांचा ॲलन मॅक्लिऑड जळत्या विमानाच्या पंखावर उभा राहून ते तिरपे घसरवत खाली आणत होता, जखमी निरीक्षक हॅमंड त्याच विमानातून जर्मनांवर गोळ्या झाडत होता. हॅमंडने पाय गमावला. त्याला आधीच्या मिलिटरी क्रॉसवर एक पट्टी मिळाली.

हा सगळा वर्गभेदाचा खेळ आहे असे म्हणण्याचा मोह होतो, आणि अलीकडची काही पुस्तके तसे म्हणतातही. टॉमस मॉटरशेडचे उदाहरण त्या मोहाला आवर घालते. मॉटरशेड सार्जंट होता, मेकॅनिक म्हणून भरती झालेला. ७ जानेवारी १९१७ रोजी त्याच्या विमानाने पेट घेतला. त्याचा निरीक्षक लेफ्टनंट गावर आग विझवण्याच्या यंत्राने त्याच्यावर फवारा मारत राहिला, मॉटरशेडने भाजत भाजत विमान आपल्या हद्दीत उतरवले. गावर बाहेर फेकला गेला आणि वाचला. मॉटरशेड विमानाखाली अडकला आणि पाच दिवसांनी वारला. इथे क्रॉस सार्जंटला मिळाला आणि अधिकाऱ्याला मिलिटरी क्रॉस. म्हणजे पहिले पदक ठरवताना हुद्द्यापेक्षा विमानाचा दांडा कोणाच्या हातात होता हे मोजले गेले. दुसरे पदक ठरवताना मात्र हुद्दा आला : मिलिटरी क्रॉस अधिकाऱ्यांसाठी, डिस्टिंग्विश्ड कंडक्ट मेडल खालच्या हुद्द्यांसाठी. १९१८ मध्ये हवाई दलासाठी नवी पदके काढली तेव्हाही क्रॉस वर आणि मेडल खाली ही उतरंड तशीच ठेवली. ती मोडायला १९९३ साल उजाडले. तरीही १९ जणांत सार्जंट एकच आहे हे विसरू नये. दांडा हाती येण्याची संधीच मुळात कोणाला होती, हा प्रश्न प्रशस्तीच्या बाहेर, भरतीच्या कागदांत आहे.

पदकांच्या गतीचाही अभ्यास करावा, असे मला या विषयाच्या अभ्यासकांना सुचवावेसे वाटते. रेजिनाल्ड वॉर्नफर्डने ७ जून १९१५ च्या पहाटे गेंटवर झेपेलिन पाडले. राजाची तार दुसऱ्या दिवशी, गॅझेट ११ जूनला. विल्यम लीफ रॉबिन्सनने ३ सप्टेंबर १९१६ च्या मध्यरात्रीनंतर लंडनच्या उत्तरेला कफ्लीवर हवाई जहाज पेटवले, आणि गॅझेट ५ सप्टेंबरला. आपल्या वाचकांना कदाचित कुतूहल वाटेल : पहिला दार्जिलिंगला जन्मलेला, दुसरा कोडगूमधल्या कॉफीच्या मळ्यावर. दोघांचेही धैर्य वादातीत आहे. पण ही घाई धैर्यामुळे झाली नव्हती. झेपेलिनची धास्ती घेतलेल्या लंडनच्या हजारो लोकांनी ते जळते जहाज स्वतः पाहिले होते, आणि सरकारला तेच हवे होते. लोकांना सांगितले गेले की पडले ते ‘एल २१’ हे झेपेलिन. ते खरे तर शुट-लांझ कंपनीचे ‘एसएल ११’ होते. लाकडी सांगाड्याच्या, कमी प्रसिद्ध जहाजापेक्षा झेपेलिन हे नाव अधिक कामाचे होते. आत १६ माणसे जळाली. वॉर्नफर्डच्या झेपेलिनचे अवशेष गेंटमधल्या जोगिणींच्या मठावर कोसळले आणि खालचे लोकही मेले. प्रशस्तीत ते यायची अपेक्षाच नाही. मात्र चरित्रातही ते येत नाही तेव्हा चरित्रकार प्रशस्तीचाच पगारी कारकून ठरतो.

याच्या उलट टोकाला बिली बिशप. या कॅनेडियन वैमानिकाने २ जून १९१७ च्या पहाटे एकट्याने जर्मन विमानतळावर हल्ला करून तीन विमाने पाडल्याचे सांगितले. त्याच्या बाजूचा एकही साक्षीदार नाही. ११ ऑगस्टला त्याला व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. जर्मन कागदांत त्या दिवशीचे असे नुकसान सापडत नाही. १९८२ मध्ये कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाच्या ‘द किड हू कुडन्ट मिस’ या चित्रपटाने ही शंका जाहीरपणे मांडली, तेव्हा माजी सैनिक खवळले, सिनेटच्या उपसमितीत सुनावण्या झाल्या आणि शेवटी चित्रपटावर ‘माहिती-नाट्य’ असा शिक्का बसला. २००२ मध्ये इतिहासकार ब्रेरटन ग्रीनहाउस यांनी पुस्तकभर तीच शंका पुढे नेली. दोन्ही पक्षांचा युक्तिवाद मला अपुरा वाटतो. जर्मन कागद तुटक आहेत, म्हणून त्यांतल्या मौनातून बिशप खोटा ठरत नाही. आणि राजाने क्रॉस दिला म्हणून तो खराही ठरत नाही, कारण राजापर्यंत पोचली ती बिशपचीच गोष्ट, फक्त ‘मी’ गाळून. वाद घालायचा तर त्या गाळलेल्या ‘मी’वर घालावा. ज्या व्यवस्थेने एरवी साक्षीदार मागितले, तिने त्या उन्हाळ्यात ते का मागितले नाहीत, हा चौकशीचा विषय आहे.

संख्येचे वेड तेव्हापासूनचे. मिक मॅनॉक २६ जुलै १९१८ रोजी मारला गेला. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो १८ जुलै १९१९ ला, जुन्या सोबत्यांनी लावून धरल्यावर. प्रशस्तीत त्याच्या विजयांची संख्या ५०. त्याचा सोबती आयरा जोन्स याने १९३४ च्या चरित्रात ती ७३ केली. बिशपचा अधिकृत आकडा ७२ होता, एवढे सांगितले की पुरे. आजचे अभ्यासक ६१ धरतात. ‘अबव्ह द ट्रेंचेस’ (१९९०) या शोअर्स, फ्रँक्स आणि गेस्ट यांच्या ग्रंथाने असे शेकडो आकडे अहवालांशी ताडून लावले, आणि त्या कामाला तोड नाही. पण त्या ग्रंथाचीही रचना यादीची आहे, आणि यादीत शिरायला पाच विजय लागतात. तोफखान्यासाठी तासन्तास एकाच जागी घिरट्या घालणारा, खंदकांची छायाचित्रे घेणारा वैमानिक त्या यादीत येत नाही, आणि उड्डाणांतली कितीतरी उड्डाणे तर त्याचीच होती. ब्रिटिशांनी ‘एस’ ही संज्ञा अधिकृतपणे कधी स्वीकारली नव्हती. ती वाचकांनी आणि वृत्तपत्रांनी स्वीकारली.

मॅनॉक पूर्वी ज्या ४० क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये होता, त्याच स्क्वाड्रनमध्ये १९१८ च्या उन्हाळ्यात इंद्रलाल रॉय दाखल झाला. कोलकात्यात जन्मलेला, लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत शिकलेला. त्याच्याबद्दल आपल्याकडे जे लिहिले जाते त्यात तीन गोष्टी हमखास येतात : अपघातानंतर त्याला मृत समजून शवागारात ठेवले होते आणि त्याने आतून दार ठोठावले; त्याने दहा विमाने पाडली; त्याला ‘मरणोत्तर’ डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला. पहिली गोष्ट कोणत्या कागदावरून घेतली हे सांगणारा लेखक विरळा. दुसरीबद्दल, २१ सप्टेंबर १९१८ च्या गॅझेटमधली प्रशस्ती तेरा दिवसांत नऊ विमाने म्हणते. दहा हा आकडा अहवालांच्या नंतरच्या बेरजेतून येतो, आणि त्या दहांपैकी पाच ‘नष्ट’, पाच ‘ताबा सुटून खाली गेलेली’, त्यांतली काही इतरांबरोबर वाटून घेतलेली. यात कमीपणा काहीच नाही. सगळ्यांचेच आकडे असे घडलेले आहेत. तिसरीबद्दल थोडे थांबावे लागेल. त्या काळच्या नियमांत शौर्यासाठी मरणोत्तर देता येत ते फक्त व्हिक्टोरिया क्रॉस आणि सेनापतीच्या खलित्यातला उल्लेख. बाकीच्या पदकांसाठी शिफारस माणूस हयात असताना झालेली लागे, मग जाहीर व्हायला उशीर झाला तरी चाले. रॉय २२ जुलैला कार्व्हिनवरच्या झुंजीत पडला. गॅझेट दोन महिन्यांनी आले. ‘मरणोत्तर’ हा शब्द वापरला की तो मेला म्हणून क्रॉस मिळाला असा सूर लागतो. क्रॉस होता तो त्याने जिवंतपणी केलेल्या कामाचा, आणि पदक स्थापन होऊन तेव्हा जेमतेम साडेतीन महिने झाले होते.

भारतीयांना व्हिक्टोरिया क्रॉस देता येईल अशी घोषणाच १९११ च्या दिल्ली दरबारात झाली होती. सात वर्षांनी एकोणीस वर्षांच्या एका बंगाली मुलाची प्रशस्ती इंग्रज मुलांच्या प्रशस्त्यांमध्ये, त्याच साच्यात छापली गेली. तिच्यात तो भारतीय असल्याचा शब्दही नाही. ही साच्याची उदारता की साच्याचा आंधळेपणा, याचे उत्तर त्या चार ओळींत मिळणार नाही. कोलकात्यात त्याच्या नावाचा रस्ता आहे, १९९८ मध्ये भारतीय टपालखात्याने तिकीटही काढले.

मुंबईचा श्रीकृष्ण वेलिणकर त्याच उन्हाळ्यात २३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन विमान उडवत होता. रॉय पडण्याच्या तीन आठवडे आधी, जून १९१८ च्या अखेरीस, तो जखमी होऊन मरण पावला. एसच्या कोणत्याही यादीत तो नाही. इंग्रजी कागदांत त्याचे आडनाव कधी ‘ग’ घालून लिहिलेले आहे, कधी ‘ग’ गाळून, आणि मधले नावही एकसारखे नाही. तेव्हा क्यूच्या सूचीत किंवा युद्धकबरींच्या नोंदवहीत त्याला शोधायचे तर दोन्ही वर्णलेखने घालून पाहावी लागतात. कबर फ्रान्समध्ये आंगार गावाच्या दफनभूमीत आहे.